जिना चढता येतो, मग दारात पाय का अडतात?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ असून सहा वर्षांपासून त्यांना पार्किन्सन आहे. कठड्याला धरून ते जिना सहज चढतात. पण न्हाणीघराच्या दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि पाऊल पुढे पडत नाही. फोन वाजला किंवा कोणी घाई केली, की हे हमखास होते. डॉक्टरांसमोर मात्र ते व्यवस्थित चालून दाखवतात. त्यामुळे घरातल्या काहींचे म्हणणे पडते, की बाबा हे मुद्दाम करतात. आम्ही नेमके काय समजायचे?
– एक वाचक, मुलगी

उत्तर : ‘मुद्दाम’ हा शब्द आजपासून घरात कोणी उच्चारू नये, ही माझी पहिली आणि कळकळीची विनंती आहे. जिन्यावर ठीक, दारात अडचण, घाई केली की जास्त आणि डॉक्टरांपुढे काहीच नाही, हे तुम्ही लिहिलेले सगळे या आजाराला तंतोतंत धरून आहे. चालताना पाय असे अचानक जागीच अडण्याला फ्रीझिंग म्हणतात. त्या क्षणी बाबांच्या पायांकडे नीट पाहा. बहुधा टाचा किंचित उचललेल्या असतात, चवडे जमिनीवर रोवलेले असतात आणि गुडघे भरभर थरथरत असतात. म्हणजे पाय स्वस्थ नसतात. पाऊल टाकण्याची त्यांची धडपड चालू असते. संशोधकांनी पायाला संवेदक बांधून ही थरथर मोजली आहे. नेहमीच्या चालण्यातली हालचाल सेकंदाला साधारण अर्धा ते तीन वेळा होते, तर फ्रीझिंगमधली थरथर सेकंदाला तीन ते आठ वेळा होते. मुद्दाम थांबलेल्या माणसाच्या पायांत अशी थरथर दिसत नाही.

आता जिना आणि दार यांतला फरक पाहू. निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करत नाही. पाऊल केवढे टाकायचे आणि एकामागून एक कसे टाकायचे, हे मेंदूच्या तळाशी खोलवर असलेले बेसल गँग्लिया नावाचे पेशीसमूह आपोआप सांभाळतात. या कामासाठी त्यांना डोपामिन हे मेंदूतले रसायन लागते, आणि पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होत जातात. चालण्यातली ही सहजता गेली, की पावले लहान होत जातात, हात हलायचे कमी होतात आणि शेवटी एखाद्या अडचणीच्या जागी पाऊल पडतच नाही. स्नायूंमधले बळ मात्र पुष्कळसे शाबूत असते. ऑस्ट्रेलियातील संशोधक मेग मॉरिस आणि रॉबर्ट आयन्सेक यांनी १९९०च्या दशकात हे फार सुंदर रीतीने दाखवून दिले. त्यांनी जमिनीवर निरोगी माणसाच्या पावलांइतक्या अंतरावर आडव्या पट्ट्या आखल्या, तेव्हा एरवी तुरुतुरु चालणारे रुग्ण जवळपास पूर्ण लांबीची पावले टाकू लागले. लांब पाऊल टाकण्याची क्षमता त्यांच्यात होतीच. पाऊल केवढे हवे हे आतून ठरत नव्हते, ते डोळ्यांना बाहेरून मिळाले. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनीही १९६७मध्येच जमिनीवरच्या आडव्या रेषांचा हा परिणाम नोंदवून ठेवला होता.

जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे अशी एक आयती रेषाच असते, म्हणून तिथे बाबांचे पाय चालतात. दारात तशी खूण तर नसतेच, उलट वाट अरुंद होते, आत शिरताच वळायचे असते आणि मनात घाई असते. मुळातच आपोआप न होणारे चालणे ते लक्ष देऊन निभावत असतात. फोनच्या आवाजाने ते लक्ष दुसरीकडे गेले, की चालायला काही उरत नाही. दवाखान्यात नेमके उलट घडते. मोकळी, सरळ जागा असते, सगळ्यांची नजर आपल्यावर असते आणि चालण्यावर पूर्ण लक्ष एकवटलेले असते. म्हणून पुढच्या भेटीला जाताना घरातल्या फ्रीझिंगचे मोबाइलवर चित्रण करून न्या आणि डॉक्टरांना बाबांना जागच्या जागी गोल फिरायला सांगण्याची विनंती करा; सरळ चालण्यात न दिसणारे फ्रीझिंग वळताना बहुधा दिसते. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१०मध्ये एका ५८ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. त्याला चार पावलेही धड टाकता येत नव्हती, पण सायकल तो उत्तम चालवत होता. त्यालाही कोणी ढोंगी म्हटले असते, तर केवढा अन्याय झाला असता!

उपाय याच माहितीतून निघतात. दाराच्या अलीकडे आणि पलीकडे जमिनीवर ठसठशीत रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा आणि त्या ओलांडायला सांगा. पाय अडले, तर बाबांनी आधी प्रयत्न पूर्ण थांबवावा, सरळ उभे राहावे, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर असा दोन-तीनदा झुलवावा आणि मगच मोठे पाऊल टाकावे. वळताना एका जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा. काहींना तालावर किंवा मनात आकडे मोजत चालणे जमते, काहींना गुडघे उंच उचलत चालणे. तुम्ही मात्र त्यांचा हात धरून पुढे ओढू नका. धड पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो.

अशा युक्त्यांविषयी चार हजारांहून अधिक रुग्णांना विचारलेल्या एका डच पाहणीत सुमारे १७ टक्के लोकांच्या कानांवर त्या कधी आल्याच नव्हत्या, हे मला फार लागले. एकाला लागू पडलेली युक्ती दुसऱ्याला पडेलच असे नाही, हेही त्यात दिसले. म्हणून या आजाराचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टबरोबर एकेक करून पाहायला हव्यात. सरावात खंडही नको. तीन युरोपीय देशांतील १५३ रुग्णांच्या घरी जाऊन तीन आठवडे असे प्रशिक्षण दिले गेले, त्याचे निष्कर्ष २००७मध्ये प्रसिद्ध झाले. चालणे सुधारले, पण थोडेच, आणि प्रशिक्षण थांबल्यानंतर सहा आठवड्यांत तो लाभ बराचसा ओसरला.

प्रश्न : सासूबाईंचा हाताचा कंप औषधाने बराच कमी झाला, परंतु चालण्यात तेवढा फरक नाही. गोळी वाढवून घ्यावी का?
– एक वाचक, सून

उत्तर : स्वतःच्या मनाने गोळी वाढवू किंवा कमी करू नका. त्याआधी आठवडाभर एक टिपण ठेवा : गोळी किती वाजता घेतली, अंग कधी मोकळे वाटले आणि पाय कधी अडले. फ्रीझिंग बहुतेक वेळा गोळीचा अंमल उतरलेला असताना, म्हणजे रुग्ण ज्याला ‘ऑफ’ म्हणतात त्या वेळात होते. तसे असेल तर लेव्होडोपा या, मेंदूत डोपामिनची भर घालणाऱ्या गोळीच्या वेळा जवळ आणून किंवा मात्रा बदलून डॉक्टर बरेच काही साधू शकतात. प्रथिने भरपूर असलेल्या जेवणाबरोबर ही गोळी घेतल्यास ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे दोन्हींमध्ये अंतर हवे. अंमल पूर्ण असतानाही पाय अडत असतील, तर मात्र गोळी वाढवून सहसा उपयोग होत नाही, क्वचित त्रास वाढतोही.

याचे एक कारण असे, की तोल आणि चालणे केवळ डोपामिनवर अवलंबून नाही. अॅसिटिलकोलिन हे दुसरे रसायनही या आजारात कमी होते. ते टिकवणारे रिव्हास्टिग्मीन हे औषध ब्रिटनमधील १३० रुग्णांवर तपासले गेले. २०१६मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पावलांमधल्या वेळेची अनियमितता त्याने कमी झाली. ते सर्वांना द्यावे असे एवढ्यावरून ठरत नाही, पण मेंदूविकारतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही. तोलासाठी ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेतील १९५ रुग्णांच्या, २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

प्रश्न : पाठीच्या कण्यात यंत्र बसवून पार्किन्सनचा रुग्ण चालू लागल्याचे वाचले. माझ्या पतीला याचा लाभ मिळेल का?
– एक वाचक

उत्तर : बातमी खरी आहे, पण ती एकाच रुग्णाची आहे. स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील संशोधकांनी नोव्हेंबर २०२३मध्ये ६२ वर्षांच्या एका गृहस्थांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचा आजार सुमारे ३० वर्षांचा होता. कमरेच्या भागातील मज्जारज्जूवर विद्युतपट्ट्या बसवून, पायांवरील संवेदकांनी ओळखलेल्या हालचालीनुसार त्यांतून विद्युत स्पंदने सोडली, आणि त्यांचे फ्रीझिंग जवळजवळ थांबले. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेतून आलेला दुसरा अहवालही ७३ वर्षांच्या एकाच रुग्णाचा होता. त्यात कंबर आणि मांड्यांभोवती घालायचा मऊ यांत्रिक पोशाख पाय पुढे टाकताना मांडीला हलका ओढा देत असे. दोन्ही कामे मला मनापासून मोलाची वाटतात. तरी एका माणसाच्या अनुभवावरून दुसऱ्याला शस्त्रक्रिया सुचवता येत नाही. त्यासाठी अनेक रुग्णांवरच्या चाचण्या व्हाव्या लागतात.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया मात्र आज सर्रास होते. तिचा पाया १९८७मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे घातला गेला. कंप, ताठरपणा आणि औषधाच्या चढउतारांवर ती चांगली लागू पडते. चालण्याचे तसे नाही. लेव्होडोपाच्या पूर्ण अमलात जे चालणे सुधारते, तेच बहुधा या शस्त्रक्रियेनेही सुधारते. म्हणून यजमानांच्या डॉक्टरांना आधी एवढेच विचारा : गोळीचा पूर्ण अंमल असताना त्यांचे पाय अडतात का? उत्तर ‘नाही’ असेल, तर शस्त्रक्रियेबद्दल सविस्तर बोलता येईल. ‘हो’ असेल, तर तिच्यापासून चालण्याबाबत फारशी आशा ठेवू नका आणि वर सांगितलेल्या युक्त्यांचा सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू करा.