वाचकांचे प्रश्न : दिल्लीत पाहिलेली ई-विटारा नागाळा पार्कात कशी नांदेल?

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये भाचीच्या लग्नाला दिल्लीला गेलो होतो, तेव्हा भारत मंडपममधलं वाहन प्रदर्शन पाहून आलो. मारुतीची विजेवरची ई-विटारा मला आणि मुलाला फार आवडली. मुलगा म्हणतो, बुकिंग सुरू झालं की पहिल्याच दिवशी नंबर लावू. आमच्या सौ. मात्र मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "गुडघे वर येतायत." घर नागाळा पार्कात आहे, पार्किंग तळमजल्यावर. महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे जाणं होतं आणि अधूनमधून आंबा घाटानं संगमेश्वरकडच्या गावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. तुम्हीही ते प्रदर्शन पाहून आलात असं मागच्या अंकात वाचलं. पहिल्या नजरेत गाडी कशी वाटली? आम्ही घ्यावी का?
— एक वाचक, नागाळा पार्क, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून आधी त्यांनाच उत्तर देतो.

या गाडीची बॅटरी पायाखाली, पूर्ण फरशीभर पसरलेली आहे. त्यामुळे फरशी वर येते. छप्पर मात्र तेवढंच वर नेता येत नाही, मग सीट फरशीच्या जवळ राहते, गुडघे उचलले जातात आणि मांड्यांखाली आधार उरत नाही. मीही मागं बसून पाहिलं. पाय पुढं पसरायला जागा भरपूर आहे, पण मांडी सीटला टेकत नाही. पुण्यापर्यंतच्या साडेचार तासांत हे नक्की जाणवेल. मागची सीट पुढं-मागं सरकते आणि पाठही थोडी कलते, त्यानं काही फरक पडतो. फक्त सीट मागं नेली की डिकी आखडते. गाडी शोरूमला आली की वहिनींना अर्धा तास मागं बसवून सांगलीच्या रस्त्याला एक चक्कर मारून आणा. त्यांच्या मताला मुलाच्या मतापेक्षा जास्त वजन द्या, कारण मागं बसणार त्या आहेत.

आता माझं मत. गाडी मला मनापासून आवडली, आणि ती दिव्यांमुळे किंवा रंगामुळे नाही. ई-विटाराची लांबी ४,२७५ मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,७०० मिलिमीटर. त्याच प्रदर्शनात ह्युंदाईची विजेवरची क्रेटा होती. ती ४,३४० मिलिमीटर लांब, पण चाकांमधलं अंतर २,६१०. म्हणजे लांबीला कमी असूनही ई-विटाराची चाकं एकमेकांपासून जास्त दूर आहेत. क्रेटाचा सांगाडा मुळात पेट्रोल-डिझेलच्या इंजिनासाठी बेतलेला, त्यात नंतर बॅटरी बसवली. ई-विटाराचा सांगाडा पहिल्यापासून विजेसाठीच आखला, म्हणून चाकं थेट कोपऱ्यांत नेता आली. मागं पायाला जागा मिळाली ती त्यातूनच. तिची वळण्याची त्रिज्या ५.२ मीटर दिली आहे. गुजरीच्या बोळांत गाडी फिरवणाऱ्याला या आकड्याचं मोल सांगायला नको.

चार्जिंगचं तोंड कुठं आहे हे तुम्ही पाहिलंत का? पुढच्या डाव्या मडगार्डवर. तुमच्या पार्किंगमध्ये बोर्ड कोणत्या भिंतीला आहे ते बघा. उजवीकडे किंवा मागच्या बाजूला असेल तर वायर बॉनेटवरून ओढून न्यावी लागेल, आणि रोज रात्री ते करणं जिवावर येतं.

बॅटरीच्या आकड्यांना दबून जाऊ नका. ४९ आणि ६१ किलोवॉट-अवर असे दोन पर्याय आहेत. हे म्हणजे आपल्या लाईट बिलातलेच युनिट. चार्ज होताना दहाएक टक्के वाया जातात, म्हणजे ६१ ची रिकामी बॅटरी भरायला मीटरवर ६७ च्या आसपास युनिट पडतील. पंधरा अँपियरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट जातात, रात्रभरात तीस. गावातल्या रोजच्या फिरण्यासाठी एवढं पुरून उरतं. पुण्याहून आल्यावर मात्र एका रात्रीत बॅटरी भरणार नाही. तुमच्या वापराला भिंतीवरचा सात किलोवॉटचा चार्जर लावून घ्या, त्यासाठी आधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या आणि मीटरपासून स्वतंत्र लाईन टाका. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या, नुसतं "आहे की" म्हणाला तर सोडू नका. उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपवर लोक स्कूटरच्या चार्जरचे काळे पडलेले प्लग घेऊन येतात. चार्जर ठणठणीत असतो, जळालेलं असतं ते भिंतीतलं जुनं सॉकेट. स्कूटरच्या कितीतरी पट करंट कार ओढते, आणि तोही सलग आठ-दहा तास.

पुण्याचं गणित. प्रदर्शनात पाचशे किलोमीटरच्या पुढचा आकडा सांगत होते. आपल्याकडे असे आकडे ज्या चाचणीतून येतात, ती प्रयोगशाळेतल्या रोलरवर होते. तिचा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या घरात, जास्तीत जास्त ९०, आणि एसी बंद. आपण हायवेला तसे जात नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. चार माणसं, सामान, एसी आणि ८५-९० चा वेग धरला तर शंभर किलोमीटरला सोळा-सतरा युनिट लागतील असा माझा अंदाज आहे. पुणे साधारण २३० किलोमीटर, म्हणजे अडतीसच्या आसपास युनिट. ६१ ची बॅटरी घेतलीत तर लेकीच्या दारात उतरताना तिसरा हिस्सा शिल्लक असेल. ४९ च्या बॅटरीत अकराएक युनिट उरतील, आणि पुण्यातल्या वाहतुकीत अडकल्यावर त्या आकड्याकडे सारखं लक्ष जाईल. तुम्ही मोठीच घ्या. ज्यांचं फिरणं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली एवढंच आहे, त्यांना छोटी पुष्कळ झाली. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे हीसुद्धा चांगली गोष्ट. या जातीच्या बॅटऱ्या उष्णतेला जास्त खंबीर असतात आणि वारंवार चार्जिंगला जास्त वर्षं टिकतात.

आंबा घाटाची चिंता तर मुळीच करू नका. भरलेली गाडी दोन टनांच्या वर धरा आणि चढण पाचशे मीटर. तेवढं वजन तेवढं वर न्यायला तीनच युनिट लागतात, मोटरमधला व्यय धरून साडेतीन. उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि त्यातला मोठा भाग परत बॅटरीत येतो. ब्रेकवर ताण कमी पडतो, घाटाखालच्या साखरप्याला पोचेपर्यंत लायनरचा वास सुटत नाही. एक मात्र आहे : बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. तुम्ही कोल्हापुरातून निघता, घाट येईपर्यंत जागा झालेली असते. घाटमाथ्यावरच्या आंबा गावी मुक्काम करून, तिथं रात्रभर चार्ज करून सकाळी थेट घाट उतरणाऱ्यांनी ऐंशी टक्क्यांवरच थांबावं.

खरा विचार पुराचा करायचा आहे. बहुतेक कंपन्या बॅटरीला आयपी ६७ दर्जा सांगतात. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना हे पुरतं, पण २०१९ ला आपल्याकडे पाणी कित्येक दिवस हललं नव्हतं. तिथं हा दर्जा कामाचा नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. ३९ ओलांडली की गाडी पार्किंगमधून काढून उंचावर कुणाकडे तरी ठेवा, ४३ ची वाट बघू नका. आणि पाऊस लागून राहिला की त्याआधीच बॅटरी भरून ठेवा, कारण पाणी चढलं की त्या भागाची वीज बंद करतात आणि मग गाडी जागेवर चार्ज होत नाही.

तरीही पाणी शिरलंच, तर गाडी चालू करू नका आणि चार्जरही लावू नका. सपाट ट्रकवर चढवून सर्व्हिस सेंटरला न्या. विमा काढताना पाण्यानं बॅटरीचं नुकसान झालं तर ते धरलंय का, हे लेखी विचारा. मी हे लिहीपर्यंत, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला, कंपनीनं किंमत सांगितलेली नव्हती, त्यामुळे मुलाला किंमत कळेपर्यंत आणि वहिनींची चक्कर होईपर्यंत थांबायला सांगा. तोवर वायरमनला बोलावून जागा ठरवून घ्या. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून असेल, चार्जरचा बॉक्स तिच्या वर येईल असा बसवा, आणि तिथून डाव्या मडगार्डपर्यंत वायर ताण न पडता पोचते का, ते आधी दोरीनं मोजून बघा.