डायपर काढून फेकणारी लेक आणि रडवेली झालेली आई

अगं, तुझं पत्र वाचलं आणि आधी हेच सांगते, तुझी लेक बिघडलेली नाहीये आणि आई म्हणून तू कुठे कमीही पडलेली नाहीयेस. तू लिहिलंयस की ती 22 महिन्यांची आहे, हल्ली अंगावर कपडा ठेवतच नाही, घातला की काढून मोकळी, डायपरच्या टेपा तर टराटरा उघडते, दुपारी झोपून उठली की गादी ओली आणि डायपर खाली जमिनीवर, आणि परवा तर तिने शी भिंतीला फासून ठेवली. तेव्हा तुझा हात उठला आणि आता ते आठवून रात्री तुला रडू येतं. घरातले निम्मे हसतात, निम्मे म्हणतात लाडावून ठेवलीय, आणि त्यात दिरांनी तिचा नागडी पळतानाचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. त्या व्हिडिओबद्दल शेवटी बोलते, मला तो जरा लागलाय.

आधी हे लक्षात घे की मुलांना कपडे घालता येण्याच्या खूप आधी काढता येतात. दीडेक वर्षाच्या आसपास मोजे, टोपी, बूट ओढून काढायचं जमायला लागतं, मग बोटांना पकड येते, चेन ओढता येते, टेप उचकटता येते, आणि नवीन काही जमायला लागलं की ते मूल दिवसभर तेच करत बसतं. त्यात टेप उघडताना मस्त आवाज येतो, अंगाला वारा लागतो, आणि वर सगळं घर धावत येतं, कोणी हसतं, कोणी ओरडतं, तिच्यासाठी दोन्ही सारखंच, आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं ना, बस. तुला त्रास द्यायचा असा विचार करण्याइतकी ती मोठी झालेलीच नाही गं.

पण "वयच आहे तसं" म्हणून सोडूनही देऊ नकोस, आधी ती नेमकं कधी काढते ते बघ. तूच लिहिलंयस की दुपारी झोपेतून उठल्यावर सगळ्यात जास्त, म्हणजे बहुतेक तेव्हा डायपर जड आणि ओला झालेला असतो आणि तुम्ही कोणी खोलीत येईपर्यंत तिच्या हाताला दुसरं काही कामही नसतं. झोपवायच्या आधी कोरडा डायपर घाल, ती उठल्याची चाहूल लागली की लगेच जा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल असं मला वाटतं. कमरेवर, मांड्यांवर इलॅस्टिकचे लाल वळ दिसतात का तेही बघ, दिसत असतील तर साईझ लहान झालाय. ड्रेसच्या मानेपाशी टोचणारं लेबल असेल तर ते शिवणीपासून उसवून टाक, नुसतं कापलं तर उरलेली कड आणखी टोचते. खोली गरम असेल तर तिने कपडे काढणं बरोबरच आहे, कमी कपडे घाल आणि विषय संपव.

आता कपड्यांच्या युक्त्या. टेपचा डायपर असेल तर तो उलटा लाव, म्हणजे टेपा पाठीकडे येतील, पण गळतोय का ते पहिले काही दिवस बघ. नाहीतर पॅन्टसारखा वर ओढायचा डायपर घे आणि त्यावर घट्ट नाही पण नीट बसणारी चड्डी. खाली मांड्यांमध्ये टिचबटणं असलेला एकसंध टीशर्ट डायपरवर घातला की हात सहजासहजी आत जात नाही. आणि झोपेसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पुढे चेन असलेला एकसंध नाईटसूट, तो मागचा पुढे करून घालायचा, चेन पाठीवर गेली की तिचा हात पोचत नाही, पावलं झाकणारा असेल तर पावलांचा भाग कापून टाक नाहीतर पाय उलटे बसतील, आणि मानेपाशी चेन टोचत नाही ना, गळा आवळत नाही ना तेवढं बघून घे. लोक डायपरवर चिकटपट्टी गुंडाळायला सांगतात, सेफ्टी पिना लावायला सांगतात, ते मात्र अजिबात करू नकोस, पट्टी पोटावर आवळते, तिचा तुकडा सुटला तर तोंडात जातो, आणि पिनेचं तर काय सांगायचं. फाटलेला डायपरसुद्धा लगेच उचल, आतला कापूस आणि जेलचे गोळे ती तोंडात घालू शकते आणि ते घशात अडकू शकतात.

शी फासण्याचं तुला सगळ्यात लागलंय ते पत्रातून कळतंच. पण तिच्या दृष्टीने ती एक मऊ, ओली, हाताला लागलेली वस्तू आहे, घाण ही कल्पना तिला अजून कळत नाही. असं परत झालं तर चेहरा शक्य तितका साधा ठेव, "शी आपण हाताने धरत नाही, चल धुऊया" एवढंच बोल, तिला धुऊन काढ, साबणाने हात धू, नखं बारीक कापलेली ठेव, आणि भिंत ती समोर नसताना पूस. शी साधारण कधी होते ते तुला माहीत असेलच, त्या वेळी तिला एकटी सोडू नकोस. आणि दिवसा तिला मळायला कणकेचा गोळा दे, पाण्यात खेळू दे, हातांना ते हवं असतं.

मारलंस त्याबद्दल. या वयात मार कशाबद्दल बसला हे तिला जोडता येत नाही, फक्त आईची भीती वाटते, म्हणून पुन्हा नको. पण तेवढ्यावरून स्वतःला वाईट आई ठरवू नकोस, जवळ घे, "आईने मारलं, आईचं चुकलं" म्हण. इतकं बोलणं तिला कळतं. आणि हात उठेल असं वाटलं तर तिला सुरक्षित जागी ठेवून खोलीबाहेर जाऊन दोन मिनिटं श्वास घे, भिंत तेवढा वेळ थांबू शकते. तिच्या बाबांनाही गादी धुवायला लाव, पत्रात त्यांचा उल्लेखच नाहीये म्हणून म्हणते.

घरात सगळ्यांनी एकच ठरवा, तिने कपडे काढले की हसायचं नाही, ओरडायचं नाही, गुपचूप परत घालायचे. पहिले काही दिवस ती उलट जास्तच करेल, कारण आता कोणी बघत कसं नाही हे ती तपासणार, तेव्हा ढिले पडू नका. याउलट कपडे अंगावर असताना तिच्याशी भरपूर खेळा, दोन कपड्यांतला कुठला घालायचा ते तिला निवडू दे, आणि अंघोळीच्या आधी कपडे काढायचं काम तिचंच, तिथे मनसोक्त काढू दे.

एक शक्यता अशीही आहे की तिला डायपरच नकोसा झालाय. दोनेक तास कोरडी राहते का, शी-शू झाल्यावर सांगते का, आडोशाला जाऊन बसते का, हे दिसत असेल तर पॉटी आणून ठेव, बसवायची जबरदस्ती नको. नसेल दिसत तर घाई करू नकोस, बरीच मुलं 2 ते 3 वर्षांत तयार होतात, रात्रीचं कोरडं राहणं त्यानंतर.

आणि लाल चट्टे, शू करताना रडणं, ताप, कडक शी, किंवा रात्री शीच्या जागी खूप खाज, हे असेल तर डॉक्टरांना दाखव, खाज जंतांमुळेही असते आणि त्याचं औषध बहुतेकदा सगळ्या घराने घ्यायचं असतं. कुठलाच कपडा अंगाला सहन होत नसेल आणि त्याबरोबर हाक मारल्यावर बघत नसेल, बोलणं फार कमी असेल, तरीही डॉक्टरांशी बोल.

आता तो व्हिडिओ. तुझी लेक लहान आहे म्हणून तिचं अंग सगळ्यांनी बघायचं असं होत नाही. ग्रुपमधून तो किती फोनमध्ये गेला, पुढे कुठे गेला, हे आपल्या हातात राहत नाही. दिरांचा हेतू वाईट नसेल, पण तू आणि तिचे बाबा मिळून आजच त्यांना फोन करा, ग्रुपमधून आणि फोनमधूनही डिलीट करायला सांगा, ज्यांनी सेव्ह केला असेल त्यांनाही सांगा. कोणी "एवढंसं लेकरू, त्यात काय" म्हणालं तर वाद घालत बसू नकोस, आम्हाला चालणार नाही एवढं म्हण आणि डिलीट झाल्याशिवाय फोन ठेवू नकोस.