कमावते आई, विमा मात्र मुलीचा

वडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंचं पत्र आलंय. वय ३६, पती हयात नाहीत, मुलगी ८ वर्षांची. एका संस्थेतर्फे बायकांचे साक्षरता वर्ग घेतात, पगार ३८ हजार. आता प्रौढ व समुदाय शिक्षणात एम.ए. करायचंय, मग सरकारी प्रकल्पात दुप्पट पगार मिळेल असं त्यांना वाटतं. त्यासाठी दोन वर्षं नोकरी सोडून चार लाखांचं शैक्षणिक कर्ज काढू, की मुलीच्या पॉलिसीवर कर्ज घेऊ, असं विचारतात.

ताई, आधी त्या पॉलिसीचं बोलू. तुम्ही पहिल्या पानाचा फोटो पाठवलात, त्यात विमाधारक म्हणून मुलीचं नाव आहे. हप्ता वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे तुमच्या पगारातला चौथा हिस्सा. आणि घरात कमावत्या तुम्ही एकट्या असून तुमच्या नावावर एक रुपयाचा विमा नाही! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलीच्या हाती काही येणार नाही. पालक गेल्यास हप्ता माफ होण्याची सोयसुद्धा त्यात घेतलेली नाही. मामेसासऱ्यांनी ‘भरलेल्याच्या दीडपट मिळतील’ असं सांगून, विश्वासात घेऊन हे तुमच्या गळ्यात मारलं, याचा मला राग येतो.

‘भरलेल्याच्या दीडपट’ म्हणजे १५ वर्षांत १८ लाख भरून २७ लाख. हा जेमतेम ५ टक्के परतावा झाला. तेवढाच हप्ता सुकन्या समृद्धीत, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत, १५ वर्षं भरला असता, तर ८.२ टक्के दराने ३५ लाखांच्या वर गेला असता.

तीन हप्ते गेले, आता चौथा भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली, तर मुदतीअखेर किती. पेड-अपमध्ये १२ लाखांच्या विमा रकमेचे साधारण २ लाख ४० हजार उरतील, वर आजवरचा बोनस. बहुधा तेच बरं पडेल. पॉलिसीवर कर्ज मात्र नको.

सुटलेल्या महिना १० हजारांतून स्वतःचा ७५ लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, महिना हजाराच्या आसपास बसेल. सहा हजार सुकन्यात टाका. खातं मुलीला १० वर्षं पूर्ण होण्याआधीच उघडावं लागतं, तेव्हा याच महिन्यात पोस्टात जा. तुमच्याकडची दीड लाखाची एफडी अडीनडीला राहू द्या.

आता एम.ए. जरूर करा. साठीच्या आजींनी बँकेच्या स्लिपवर अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही केली, हे तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. पण नोकरी सोडलीत तर कर्जाखेरीज ९ लाखांचा पगार बुडेल. आणि ‘सरकारी प्रकल्पात दुप्पट पगार’ कुठून येणार? केंद्राचा २०२२ ते २०२७ चा साक्षरता कार्यक्रम, ‘उल्लास’, स्वयंसेवकांवर चालतो. पाच वर्षांसाठी देशभराची तरतूदच १,०३७.९० कोटी. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं प्रौढ शिक्षणातलं एम.ए. दूरशिक्षणाने होतं, शुल्क हजारांत आहे आणि नोकरी चालू ठेवता येते. वर्गातल्या बायकांवरच प्रकल्प लिहा.

हप्ता बँकेतून परस्पर कापला जातो ना? मग मामेसासऱ्यांशी बोलण्याआधी बँकेत अर्ज देऊन तो थांबवा.