बॉक्सरच्या घरातले प्रश्न

कष्टकरी वस्त्यांतल्या बॉक्सिंगवर वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा पंच कसा मारायचा हे विचारणारी पत्रं थोडी आली. जास्त पत्रं होती होणाऱ्या बायकोची, प्रेयसीची, नवऱ्याची चिंता करणारीची. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

माझं ज्याच्याशी लग्न ठरलं आहे तो ६० किलो गटात खेळतो. एरवी वजन ६४. स्पर्धेच्या तीन दिवस आधी पाणी बंद करतो, प्लास्टिकचं जॅकेट घालून धावतो, सतत थुंकतो. त्या दिवसांत आमचं रोज भांडण होतं. मी काय करू? (वय २४, धारावी)

त्या तीन दिवसांतली चिडचिड तहानेची आणि भुकेची असते, ती मनावर घेऊ नका. पण त्याची पद्धत मात्र मनावर घ्या. ६४ मधले ४ किलो म्हणजे सव्वासहा टक्के वजन. पाणी काढून दोन टक्क्यांहून जास्त वजन उतरवलं की दम कमी पडतो, प्रतिक्रिया मंदावते आणि तिसऱ्या राउंडला पाय जड होतात. त्याच्या बाबतीत दोन टक्के म्हणजे जेमतेम सव्वा किलो.

म्हणून ३ किलो आधीच, सहा-सात आठवड्यांत उतरवायचे. आठवड्याला ४०० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. दिवसाचा एक वडापाव आणि साखरेचे तीन चहा बंद केले तर बराचसा हिशेब तिथेच जमतो. भात-भाकरी पूर्ण तोडू नका, नाहीतर सरावातली ताकद जाते. दोन्ही जेवणांत अंडी, डाळ, चणे किंवा मासे हवेत. शेवटचे दोन दिवस सुकट, पापड, लोणचं बंद, कारण मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. पालेभाजी, सालीची डाळ, कच्ची कोशिंबीरही तेव्हा टाळा. चोथा कमी झाला की पोट रिकामं राहतं आणि पाणी न तोडता काट्यावर फरक दिसतो. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काटा त्याच सपाट लादीवर ठेवून करा. गादीवर किंवा चटईवर ठेवलेला काटा चुकीचा आकडा दाखवतो.

लघवी जास्त होण्याच्या गोळ्या कोणी आणून दिल्या तर फेकून द्या. त्या उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेल्या आहेत, शिवाय त्यांच्याबरोबर क्षार जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

स्पर्धेतलं वजन झाल्यावर पहिल्या बाउटला, म्हणजे लढतीला, निदान तीन तास मिळतात. त्यात एक लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी, दर पंधरा मिनिटांनी पाऊण ते एक कप. मग केळं, वरणभात. इथे चूक होते ती बिर्याणीची: पोट जड होतं आणि दुसऱ्या दिवशी वजन पुन्हा भरतं. ज्या दिवशी बाउट, त्या दिवशी सकाळी वजन असतं, हे बरेच नवे खेळाडू विसरतात.

इतकं करूनही ६० झेपत नसेल तर ६५ चा गट आहे. तिथे ६८-६९ वरून खाली आलेली उंच पोरं भेटतील हे खरं, पण सुकलेल्या अंगाने ६० मध्ये मार खाण्यापेक्षा वर्षभर ताकद वाढवून ६५ मध्ये उतरलेलं बरं. आणि हॉलचं बुकिंग, मानपान, देणंघेणं ही बोलणी स्पर्धेच्या आठवड्यात काढू नका. ती नंतरही होतील.

माझी मैत्रीण बॉक्सिंग करते. वाढदिवसाला लाल ग्लोव्हज आणि लाल टीथगार्ड द्यायचा विचार आहे. बरोबर आहे ना? (वय १७, नागपूर)

ग्लोव्हज चालतील, टीथगार्डचा लाल रंग नको. स्पर्धेत लाल किंवा थोडाही लाल असलेला टीथगार्ड चालत नाही, कारण तोंडातून रक्त आलं तर पंचांना दिसायला हवं. पांढरा किंवा पारदर्शक घे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो. पाकिटावर लिहिलेले सेकंद पाळायचे. जास्त वेळ ठेवला तर तो लोळागोळा होतो. मग गार पाण्यात क्षणभर बुडवून वरच्या दातांवर बसवायचा, चावून धरायचा आणि ओठांवरून बोटांनी दाबायचा. तोंड उघडल्यावर पडला तर पुन्हा करायचं. हे तिनेच करायचं, तू तिच्यासाठी बसवून आणू शकत नाहीस.

स्पर्धेत ग्लोव्हज आयोजक देतात, त्यामुळे सरावाचे घे. बॅगवर ठोसे मारायला १२ औंस, स्पॅरिंगला (जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला) १४. पैसे कमी असतील तर ग्लोव्हजच्या आत हातांना गुंडाळायच्या साडेचार मीटरच्या बँडेजच्या दोन जोड्या दे. एक धुवून वाळत असताना दुसरी वापरता येते. ओलसर बँडेज तसंच ग्लोव्हजमध्ये कोंबलं की आठवड्यात वास मारतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात.

आमच्या क्लबमधल्याच मुलावर माझं प्रेम आहे. मी राज्य स्पर्धेपर्यंत गेले आहे. सर म्हणतात, ‘प्रेम कर नाहीतर बॉक्सिंग कर.’ घरचे स्थळं बघतायत. तो म्हणतो, लग्नानंतरही खेळ. विश्वास ठेवू का? (वय १९, वरळी)

सरांना सरावाची वेळ, शिस्त आणि हॉलमधली वागणूक यावर बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. लग्न कोणाशी करायचं हे त्यांच्या अखत्यारीत येत नाही. पण त्यांच्या भीतीला कारण आहे, तेही समजून घ्या: क्लबातली जोडी भांडली की दोघांचा सराव बुडतो, आणि बहुतेक वेळा कायमचा सुटतो तो मुलीचा. म्हणून हॉलमध्ये तुमच्या दोघांचे पॅडचे (हातात गादी धरून ठोसे झेलणारे) आणि स्पॅरिंगचे जोडीदार वेगळे ठेवा. एकमेकांशी करायचंच तर फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि बचाव, तेही सर समोर असताना. प्रेमात तो हात आखडता घेतो, मग खऱ्या बाउटमध्ये ठोशाचा वेग तुम्हाला अनोळखी लागतो.

‘लग्नानंतरही खेळ’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मुलगा बोलतो. त्यामुळे वाक्यावर विश्वास ठेवू नका, तपशील विचारा. पहाटे साडेपाचला तुम्ही धावायला गेल्यावर पाण्याच्या रांगेत कोण उभं राहणार? तीन आठवड्यांच्या शिबिरात स्वयंपाक कोणाचा? मूल किती वर्षांनी? हे प्रश्न त्याच्या आईसमोर विचारा. तिथे तो गप्प बसला तर तेच उत्तर समजा. मेरी कोमचं लग्न २००५ मध्ये झालं, २००७ मध्ये जुळी मुलं झाली, २००८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली आणि २०१२ मध्ये लंडनला ऑलिम्पिक पदक मिळालं. त्या वर्षांत घर आणि मुलं तिचा नवरा सांभाळत होता. पुढे ते वेगळे झाले, तरी त्या पदकांमागची ही व्यवस्था विसरू नये.

एक गोष्ट कोणी मोकळेपणाने सांगत नाही. स्पर्धेआधी मुलींना आपण गरोदर नसल्याचं लिहून द्यावं लागतं, अठराच्या आतल्या मुलींसाठी पालक सही करतात. पाळी चुकली तर त्याच दिवसापासून स्पॅरिंग बंद, आधी चाचणी. गर्भनिरोधकाची जबाबदारी दोघांनी उचलायची. ती तुमच्या एकटीवर टाकणारा मुलगा बाकीचंही टाकेल.

घरच्यांशी बोलताना पदकापेक्षा नोकरीचं बोला. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. मात्र ‘राज्य स्पर्धेपर्यंत गेले’ एवढ्याने भागत नाही. स्पर्धा कोणती आणि क्रमांक कितवा, यावर पात्रता ठरते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. मूळ प्रमाणपत्र, निकालपत्रक, प्रवेशयादी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात भिजलेल्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळवायला महिने जातात. दोन वर्षांची मुदत मागा, आणि त्या दोन वर्षांत कुठल्या स्पर्धा खेळणार तेही कागदावर लिहून दाखवा.

पंधरा दिवसांपूर्वी नवरा डोक्याला मार बसून नॉकआउट झाला. अजून डोकं दुखतं म्हणतो, पण पुढच्या रविवारी मैदानावरच्या स्पर्धेत रोख बक्षीस आहे म्हणून उतरणार आहे. (वय २८, भिवंडी)

उतरू देऊ नका. डोक्यावरच्या माराने नॉकआउट झाल्यावर नियमाने निदान ३० दिवस बाउट नाही आणि स्पॅरिंगही नाही. तीन महिन्यांत पुन्हा झालं तर ही मुदत ९० दिवसांची होते. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर सूज झपाट्याने वाढून जीव जाऊ शकतो, आणि तो मार जोराचा असावाच लागतो असं नाही. रोख बक्षिसाच्या खुल्या स्पर्धेत कोणी वैद्यकीय वही (खेळाडूच्या दुखापतींची नोंद असलेली) मागत नाही, त्यामुळे हा नियम तिथे तुम्हालाच पाळावा लागेल.

दुखणं पंधरा दिवस टिकलं आहे, म्हणून या आठवड्यातच सरकारी रुग्णालयात दाखवा आणि ‘बॉक्सिंगमध्ये नॉकआउट’ असं स्पष्ट सांगा. ‘पडलो’ म्हणू नका, तपासणीची दिशा चुकते. वारंवार उलटी, वाढतं डोकं दुखणं, जास्त झोप, जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय ढिला, एक बाहुली मोठी, झटका: यातलं एकही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी चालणं, मग हलकं धावणं, मग दोरीवरच्या उड्या आणि शॅडो (हवेत ठोसे), मग बॅग. प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस, आणि डोकं दुखलं तर एक पायरी मागे. स्पॅरिंग सगळ्यात शेवटी, पुन्हा डॉक्टरांना विचारून.

त्या पैशाची घरात गरज असेल, तर तेही उघड बोला. बरेच जण बायकोसमोर हात रिकामे दिसू नयेत म्हणूनच उतरतात. ‘या महिन्याचं भाडं मी बघते’ एवढं तुम्ही म्हणालात तर तो थांबण्याची शक्यता जास्त.

त्याच्या बाउटला मी कोपऱ्याजवळ उभी राहून ओरडले तर चालेल का? (वय २१, पुणे)

कोपऱ्याजवळ नको. तिथून सूचना द्यायचा हक्क फक्त प्रशिक्षक आणि सहायकांचा. दोन राउंडमधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत त्याला पाणी पाजून, श्वास लावून, एखादीच सूचना पोचवायची असते. त्यात तुमचा आवाज मिसळला की तो तुमच्याकडे बघतो आणि हात खाली येतो. समोरच्या बाजूला प्रेक्षकांत बसा आणि बाउट सुरू व्हायच्या आधीच त्याला जागा सांगून ठेवा.