फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधून पाणी जात नाही, स्पिनपण होत नाही, काय बघू?

हे दोन प्रॉब्लेम नाहीत, बहुतेक एकच आहे. ड्रममध्ये पाणी असेपर्यंत मशीन स्पिन घेतच नाही, त्यामुळे मोटर गेली म्हणून लगेच घाबरू नका.

आधी प्लग काढा. मग पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत ड्रेन पंपाचा फिल्टर असतो, पाणी गरम असेल तर गार होऊ द्या, खाली पसरट ताट आणि जुनं फडकं ठेवा आणि फिल्टर एकदम न काढता हळूहळू ढिला करा, नाहीतर घरभर पाणी होतं. आपल्या सोलापुरात घरोघरी टर्किश टॉवेल आणि चादरी, त्यांचा सुताचा भुगा इथंच येऊन बसतो, शिवाय नाणी, पिना, बटणं. आतला पंपाचा छोटा पंखा फिरतोय का तेपण बघा.

फिल्टर साफ निघाला तर पाणी बाहेर जाणारा मागचा पाइप दुमडलाय का बघा.

पाणी गेलं तरी स्पिन नाही? मग एकटी जड चादर टाकली असेल, ती एका बाजूला गोळा होते आणि बॅलन्स न झाल्यानं मशीन थांबते, सोबत दोन-तीन टॉवेल टाकून बघा.

एवढं करूनही ड्रेनच्या वेळी नुसता घूं घूं आवाज येत असेल तर मेकॅनिकला आधी पंपच चेक करायला सांगा, डायरेक्ट पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलू देऊ नका.