तेवीस स्लिपा तोंडपाठ

खुर्चीत बसायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, माझ्यात लॉजिकच नाहीये. आत्ता कोर्स सोडला तर फी परत मिळते का?"

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतंच. बहुतेक वेळा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या, म्हणजे पोरांच्या भाषेत बीसीएसच्या, एफवायकडून, म्हणजे पहिल्या वर्षाकडून. या मुलाला आपण सागर म्हणू. नाव आणि ओळखीच्या एक-दोन खुणा बदलल्या आहेत. संगमनेरकडचा. घरी गायी, वडील गावातलं दूध संकलन केंद्र सांभाळतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स, सीईटीत जेमतेम पर्सेंटाइल, म्हणून पुण्यात बीसीएस. सी या भाषेतल्या प्रोग्रामिंगच्या पेपरात नापास, प्रॅक्टिकलला काठावर पास.

"अभ्यास केला होतास?"

"तेवीस स्लिपा तोंडपाठ होत्या मॅडम."

स्लिप म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षेत हातात पडणारी प्रश्नाची चिठ्ठी. त्यांच्या उत्तरांची पीडीएफ सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्काने येते. सागरला नशिबाने पाठ असलेलीच स्लिप मिळाली. त्याने ती घडाघडा टाइप केली, चालवली, आणि स्क्रीनवर आलं: सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे प्रोग्राम मेमरीत नको तिथे शिरला आणि बंद पडला. एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, भले होते. त्यांनी scanf च्या, म्हणजे कीबोर्डवरून आकडा वाचणाऱ्या, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय राहिलं?" सागरने अँपरसँडची (&) खूण टाकली, प्रोग्राम चालला. सरांनी पुढे विचारलं, "ती खूण कशाला लागते?"

"असतेच ती सर."

हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. मला हसू आलं, पण मी ते चहाच्या कपात लपवलं.

मला स्वतःला सी येत नाही. ते माझं काम नाही, आणि या कामात त्याचा फायदाच होतो. मी त्याला विचारलं की बाकीच्यांना कसं येतं. "हुशार आहेत ते. सर अर्धं वाक्य बोलले की यांचा प्रोग्राम तयार." मग मी त्याला एक काम दिलं. शेजारी बसणाऱ्या चौघांना विचारायचं, अकरावी-बारावीला विषय कोणते होते?

पुढच्या आठवड्यात तो आला तो जरा चिडूनच. चौघांपैकी तिघांनी बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं होतं. अकरावी-बारावीला घेता येणारा दोनशे मार्कांचा विषय, त्यात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, शिवाय प्रॅक्टिकल. त्याच्या कॉलेजात हा विषयच नव्हता. म्हणजे ज्यांना तो जन्मजात हुशार समजत होता, ती मुलं हेच काम दोन वर्षं करून आली होती.

ही गोष्ट आपल्याकडच्या शिक्षकांनाही ठाऊक असते, पण वर्ग एकच असतो. अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजने पहिल्या वर्षाच्या मुलांचे आधी कोडिंग केलेले आणि न केलेले असे वेगळे वर्ग केले, कारण येणारी मुलं वर्गात सतत बोलत राहिली की न येणारी गप्प होतात. आणि प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सला अडखळणं ही काही एकट्या सागरची गोष्ट नाही. 2007 साली बेनेडसेन आणि कॅस्परसन या डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी निरनिराळ्या देशांतल्या विद्यापीठांकडून आकडे मागवले, तेव्हा त्या कोर्समध्ये पास न होणाऱ्यांचं प्रमाण सरासरी 33 टक्के निघालं. तिघांतला एक. हा आकडा मी सागरला कागदावर लिहून दिला. त्याने घडी करून पाकिटात ठेवला.

पण दिलासा मिळाला म्हणून scanf येत नाही. त्याला विचारलं, पीडीएफ न उघडता, स्वतःच्या मनाने आजवर किती प्रोग्राम लिहिलेस? बराच वेळ गप्प. मग "एक पण नाही."

मी विषय बदलून डेअरीवर नेला. दुधाचा भाव कसा ठरतो? इथे मात्र तो सुटला. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून भाव असतो, फॅट त्याच्या खाली गेलं की प्रत्येक पॉइंटला पैसे कापायचे, एसएनएफचं तसंच, आणि दहा दिवसांनी बिल. आठवीपासून सकाळच्या पाळीला तो मापावर उभा राहायचा. "हेच लिही," मी म्हटलं. त्याने लिहिलं: 'जर फॅट 3.5 पेक्षा कमी, तर भावातून एवढे वजा. नाहीतर भाव आहे तोच.' दोन ओळी लिहून थांबला, कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे इफ-एल्सच आहे की."

लॉजिक नसलेला मुलगा!

त्या रात्री रूममेटच्या लॅपटॉपवर त्याने ते टाइप केलं. फॅट 4 दिलं, तर प्रोग्रामने फॅट दाखवलं 0.000000. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी कळलं की दशांशाचा आकडा वाचायचा तर %f लागतं, त्याने %d लिहिलं होतं. गंमत अशी की कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर, दोन्ही दिवस हेच ओरडून सांगत होता. पण ते इंग्रजीत होतं, आणि इंग्रजीतली लांब ओळ दिसली की कोणीतरी रागावतंय असं समजून हा खाली स्क्रोल करायचा. मराठी माध्यमातल्या मुलांमध्ये हे मी वारंवार पाहते. म्हणून एक वही घालायला लावली: येणारी प्रत्येक एरर जशीच्या तशी उतरवायची, खाली मराठीत लिहायचं की तिचं म्हणणं काय. पहिल्या पानावर अँपरसँड होतं. खाली त्याने लिहिलं होतं, 'किंमत कुठे नेऊन ठेवायची तो पत्ता. पत्ता नाही दिला तर भलत्याच घरात शिरतो.'

मधल्या काळात वडिलांचा फोन. "मॅडम, बीएस्सीला कोण विचारतं? एक वर्ष ड्रॉप घेऊन इंजिनिअरिंगला टाकतो." ही काळजी खोटी नाही. काही कंपन्या कॅम्पसला फक्त इंजिनिअरच बघतात, हे मी त्यांना लपवलं नाही. पण एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी, 2020-21 पासून तीनऐवजी दोन वर्षांचं झालंय, त्याला राज्याची सीईटी आहे, एनआयटीसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा आहे. बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही आहे, फक्त बारावीला गणित हवं. हे त्यांना नवीन होतं. "मग आत्ता काय करू?" आत्ता काहीच करू नका अण्णा, म्हटलं, सेमिस्टर पुरं होऊ द्या.

सगळ्यांना मी थांबा म्हणत नाही. त्याच वर्षी एका मुलीला मी सोडायला सांगितलं. तिने स्वतःच्या हाताने पन्नासेक प्रोग्राम लिहिले होते, बरे जमले होते, आणि तिला त्यातला एकही आवडला नव्हता. सागरने आवडतं की नाही हे कळण्याइतकंही काही करून पाहिलेलं नव्हतं.

सी त्याने दुसऱ्या खेपेला काढला, फार नाही पण पास होण्यापुरते मार्क. दुधाच्या भावाचा प्रोग्राम कोणी वापरत नाही. डेअरीत कंपनीचं मशीन आहे, ते पावतीसकट सगळं करतं. वहीची मात्र तिसरी शंभरपानी चालू आहे. परवा आला होता तो गणितासाठी. ग्राफ थिअरी, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित, डोक्यावरून जाते म्हणाला. मी विचारलं, गावातलं टेम्पोवाल्याचं दुधाचे कॅन उचलायचं रूट तुला माहितीये ना? तो हसला, "मॅडम, आता प्रत्येक गोष्ट डेअरीवर आणू नका."