अँटीबॉडी आल्या, पण जंतू चिकटायचा थांबला का?

तुमचा प्रश्न असा: अतिसार करणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या (म्हणजे ईटेकच्या) पृष्ठभागावरचं प्रथिन शुद्ध करून उंदरांना टोचलं, रक्तात भरपूर अँटीबॉडी आल्या, मग लस व्हायला अडतं कुठे?

अडतं ते जागेपाशी. ईटेक सहसा रक्तात शिरतच नाही. केसासारख्या तंतूंनी, म्हणजे फिंब्रियांनी, तो लहान आतड्याच्या अस्तराला धरतो, तिथेच वाढतो आणि विष सोडतो. त्यामुळे ती पकड सुटेल अशा अँटीबॉडी आतड्यातच हव्यात, मुख्यतः आयजीए, म्हणजे आतड्यासारख्या ओल्या अस्तरांवर पाझरणाऱ्या अँटीबॉडी. कल्पना चुकीची नाही, हे डुकरांच्या पिलांनी कधीच दाखवून दिलंय. गाभण डुकरिणीला के-८८ या प्रकारच्या फिंब्रियांची लस दिली की पिलांना चिकातून अँटीबॉडी मिळतात आणि जुलाब टळतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या माणसांवरच्या चाचणीतही गाईच्या चिकातल्या, फिंब्रियाच्या टोकाविरुद्धच्या अँटीबॉडी तोंडावाटे देऊन संरक्षण मिळालं. मला स्वतःला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

आता तुमच्या प्रथिनाकडे बघा. सीएफए-१ या ईटेकच्या एका प्रकारच्या फिंब्रियात सीएफए-बी या प्रथिनाच्या शेकडो प्रती एकापुढे एक गुंफलेल्या असतात आणि अगदी टोकाला सीएफए-ई हे दुसरं प्रथिन. आतड्याला धरतं ते हे टोक. पण सीएफए-ई एकटं काढलं तर त्याची घडी टिकत नाही, कारण घडी पुरी करणारा एक पट्टा शेजारच्या प्रथिनाकडून येतो. तो पट्टा जनुकातच जोडून घ्यावा लागतो. घडी बिघडलेल्या प्रथिनाविरुद्धही एलायझात, म्हणजे अँटीबॉडी मोजायच्या चाचणीत, झकास टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) येतो, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते.

शिवाय ईटेकच्या अशा चिकटणाऱ्या रचना पंचवीसहून जास्त आहेत, त्यामुळे एकीवर भागत नाही. ईटीव्हॅक्स या तोंडावाटे द्यायच्या लशीत म्हणूनच चार मारलेले जंतू घेतलेत, सीएफए-१, सीएस-३, सीएस-५ आणि सीएस-६ या चिकटणाऱ्या रचना भरपूर बनवणारे. त्यांच्या जोडीला विषाविरुद्धचा निर्विष घटकही आहे.

तेव्हा पुढचे उंदीर घेण्याआधी हातातला सीरम, म्हणजे टोचलेल्या उंदरांच्या रक्तातला अँटीबॉडी असलेला द्रव, तपासा. तुमचं प्रथिन सीएफए-१चं असेल तर मॅनोज ही साखर घालून जंतू आणि गाईच्या तांबड्या पेशी एकत्र करा; सीएफए-१ या पेशींना धरतं आणि त्यांच्या गुठळ्या होतात. मॅनोजमुळे टाइप-१ या ई. कोलायच्या दुसऱ्या फिंब्रियांची पकड बाजूला पडते. सीरम घातल्यावर गुठळ्या थांबतात का, ते पाहा. टोचण्याआधीचा सीरमही शेजारी लावा. गुठळ्या थांबत नसतील तर डोस वाढवू नका, आधी प्रथिनाची घडी तपासा.